गोव्याच्या उकाड्यात प्रोसेसरचे व्होल्टेज आणि तापमान आटोक्यात कसे ठेवावे

सुटे भाग निवडून स्वतः डेस्कटॉप जुळवणाऱ्यांना गोव्यात एप्रिल-मे आला की एकच काळजी लागते: प्रोसेसर ९५ अंशांवर का जातोय? दुकानात विचारले तर बहुतेक वेळा उत्तर ठरलेले असते, मोठा कूलर घ्या. माझे मत वेगळे आहे. कूलरसाठी खिशात हात घालण्याआधी व्होल्टेज आणि वॅट तपासा.

कारण साधे आहे. कूलर हवेचा असो की पाण्याचा, प्रोसेसरची उष्णता तो शेवटी खोलीतल्या हवेतच सोडतो, आणि मे महिन्यात आपल्या खोलीतली हवाच ३३-३४ अंशांची असते. वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली, रात्री आठलाही उकाडा हटत नाही. परदेशी रिव्ह्यू बहुधा २१-२२ अंशांच्या खोलीत घेतलेले असतात. तिथे जो कूलर प्रोसेसर ७५ वर ठेवतो, तोच आपल्याकडे त्याच कामाला ८७-८८ दाखवणार. खोलीचा पारा जितका चढतो, जवळजवळ तितकाच प्रोसेसरचाही चढतो. छताचा पंखा कितीही जोरात फिरवला तरी हवेचे तापमान तो कमी करत नाही. म्हणून उष्णता मुळातच कमी तयार व्हावी, यावर आपला भर हवा.

प्रोसेसर किती वीज खाईल हे ढोबळमानाने व्होल्टेजच्या वर्गावर आणि क्लॉकच्या वेगावर ठरते. क्लॉक तोच ठेवून व्होल्टेज १.४० वरून १.२५ वर आणले, तर वीज सुमारे २० टक्क्यांनी घटते. चिप थंड राहिली की तिच्यातून गळणारा करंटही कमी होतो, म्हणजे फायदा त्याहून थोडा जास्तच. एवढे काम नवा कूलर एकटा क्वचितच करतो.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो, कारण तिच्यावर लोकांचे पैसे फुकट जातात. 'प्रोसेसरचे व्होल्टेज जास्त' म्हणजे घरातल्या लाइनचे व्होल्टेज जास्त नव्हे. एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा, मदरबोर्डला १२ व्होल्ट देतो आणि सॉकेटशेजारचे व्हीआरएम सर्किट त्याचे एक-सव्वा व्होल्ट करून प्रोसेसरला पुरवते. किती पुरवायचे हे प्रोसेसर आणि बायोस (मदरबोर्डमधला मूळ प्रोग्रॅम, सेटिंग्ज त्यातच असतात) मिळून ठरवतात. स्टॅबिलायझर लावून व्हीकोअर, म्हणजे प्रोसेसरच्या कोअरना मिळणारे व्होल्टेज, खाली येत नाही.

पहिली पायरी: आहे ते नीट मोजा

खोलीत मशीनजवळ साधे थर्मामीटर ठेवा. खोलीचे तापमान लिहिलेले नसेल तर प्रोसेसरच्या तापमानाची नोंद निरुपयोगी आहे. जानेवारीतल्या पहाटेची आणि मेमधल्या दुपारची तुलना होऊच शकत नाही.

एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्रॅम घ्या आणि उघडताना फक्त सेन्सर दाखवण्याचा पर्याय निवडा. मशीन सुरू करून दहा मिनिटे काही न उघडता सोडा. मग सिनेबेंच आर२३ ची दहा मिनिटांची मल्टी-कोअर चाचणी लावा. वहीत या गोष्टी उतरवा: खोलीचे तापमान, पॅकेजचे (म्हणजे पूर्ण प्रोसेसरचे) कमाल तापमान, पॅकेज पॉवर किती वॅट, लोडखालचे व्हीकोअर, सर्व कोअरचा क्लॉक आणि मिळालेले गुण. गुण विसरू नका. पुढे व्होल्टेज कमी करताना काही बिनसले तर पहिली खूण तिथेच दिसते.

एचडब्ल्यूइन्फोमध्ये व्होल्टेजच्या नावाने बऱ्याच ओळी येतात आणि नवखा माणूस तिथेच घाबरतो. व्हीआयडी म्हणजे प्रोसेसरने मागितलेले व्होल्टेज, व्हीकोअर म्हणजे मदरबोर्डने मोजलेले. दोन्हींत फरक असणारच. एएम४ सॉकेटच्या रायझनवर एसव्हीआय२ टीएफएन असे लिहिलेली ओळ पाहा, ती जास्त विश्वासाची. थर्मल थ्रॉटलिंगच्या ओळीपुढे 'येस' दिसतेय का, तेही बघा. दिसत असेल तर प्रोसेसर स्वतःच्या बचावासाठी वेग कमी करतो आहे.

आता काय ठीक आणि काय नाही. रायझन ३००० किंवा ५००० मालिकेत ब्राउझर उघडताना क्षणभर १.४५ व्होल्ट दिसले तर काळजी नको. एक-दोन कोअर बूस्ट होतात, म्हणजे वेग आपोआप चढवतात, तेव्हा करंट थोडा असतो, आणि एएमडीने चिप तशीच बनवली आहे. शिवाय मोजणारा प्रोग्रॅम स्वतःच कोअरला झोपेतून उठवत राहतो, म्हणून निवांत मशीनवरही आकडा चढा दिसतो. सरासरीचा रकाना बघा. खरा प्रश्न सर्व कोअर राबत असतानाच्या व्होल्टेजचा आहे. तिथे साधारण १.१५ ते १.३० मध्ये आकडा असेल तर बरे. पूर्ण लोडवर १.३५ च्या वर सतत राहत असेल तर बायोसमध्ये काहीतरी सैल सुटलेले आहे असे समजा.

तापमानाची कमाल मर्यादा चिपनुसार बदलते. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीतल्या 'के' प्रोसेसरना १०० अंश, रायझन ७००० च्या बहुतेकांना ९५, रायझन ७ ७८००एक्स३डीला ८९. रायझन ७००० चे 'एक्स' प्रोसेसर पूर्ण लोडवर ९५ ला टेकतात तेही रचनेनुसारच. जागा मिळेल तितका वेग घ्यायचा अशी त्यांची आखणी आहे. चिप त्याने जळत नाही. पण आपल्याकडे तीच उष्णता मग खोलीत येते आणि पंखे दिवसभर ओरडतात, म्हणून मी ती तशी सोडत नाही.

दुसरी पायरी: बायोस अद्ययावत करा

१३व्या किंवा १४व्या पिढीचा इंटेल असेल तर ही पायरी टाळूच नका. या प्रोसेसरमध्ये गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागितले जात होते आणि त्याने चिप हळूहळू खराब होत होती, हे २०२४ मध्ये इंटेलने मान्य केले. ऑगस्ट २०२४ च्या ०एक्स१२९ मायक्रोकोडने (बायोसमधून प्रोसेसरला मिळणाऱ्या दुरुस्तीने) १.५५ व्होल्टच्या वरच्या मागणीला लगाम घातला, आणि सप्टेंबरच्या ०एक्स१२बी ने निवांत व हलक्या कामातल्या चढ्या मागणीचाही बंदोबस्त केला. त्याआधीचा बायोस अजून चालवत असाल तर आजच बदला. मात्र झालेली इजा अद्यतनाने भरून निघत नाही. गेम शेडर तयार करताना बंद पडणे, भरपूर मेमरीचे ग्राफिक्स कार्ड असूनही 'व्हिडिओ मेमरी संपली' असा संदेश येणे, मोठी झिप फाइल उघडताना चूक दाखवणे, अशी लक्षणे असतील तर वॉरंटीत अर्ज करा. डबाबंद विकल्या गेलेल्या या प्रोसेसरची वॉरंटी इंटेलने दोन वर्षांनी वाढवून पाच वर्षे केली आहे. बिल जपून ठेवा.

एएमडीकडेही असा प्रसंग झाला. एप्रिल २०२३ मध्ये रायझन ७००० चे एक्स३डी प्रोसेसर सॉकेटसकट जळाल्याच्या तक्रारी आल्या. रॅमचे एक्स्पो प्रोफाइल (रॅमला जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग) चालू केले की काही बोर्ड एसओसी व्होल्टेज, म्हणजे प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांचे व्होल्टेज, फार वर नेत होते. त्यानंतर ते १.३० व्होल्टवर बांधून घातले गेले. एएम५ बोर्ड असेल तर एचडब्ल्यूइन्फोमध्ये एसओसीची ओळ स्वतः बघा, १.३० च्या वर काही दिसता कामा नये.

बायोस चढवताना लाइट गेली तर बोर्डच मुका होऊ शकतो. मे अखेरीस दुपारनंतर ढग भरून आले, गडगडाट सुरू झाला, की हे काम हातात घेऊ नका. सकाळी करा, यूपीएसवर करा. आधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा, कारण अद्यतनानंतर सगळे मूळपदावर येते आणि रॅमचे प्रोफाइल, पंख्यांचे वेग पुन्हा भरावे लागतात. बायोस रीसेट करण्याची जंपर किंवा बटन बोर्डवर कुठे आहे तेही मॅन्युअलमध्ये आताच पाहून ठेवा. चौथ्या पायरीत लागू शकते.

तिसरी पायरी: वॅटवर मर्यादा घाला

सगळ्यात जास्त फरक याच पायरीने पडतो आणि धोका जवळपास नाही. मदरबोर्ड बनवणाऱ्यांना चाचण्यांत आपला बोर्ड पुढे दिसायला हवा असतो, म्हणून अनेक बोर्ड कारखान्यातूनच प्रोसेसरची वीजमर्यादा उठवून येतात.

फोंड्याला लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या एका मित्राच्या मशीनवर हे अगदी स्वच्छ दिसले. आय७-१४७००के, वर दोन पंख्यांचा चांगला एअर कूलर, तरीही रेंडर लावला की अर्ध्या मिनिटात १०० अंश. बायोस उघडले तर दोन्ही वीजमर्यादांच्या चौकटीत ४०९६ वॅट. म्हणजे मर्यादाच नाही. पहिल्यांदा बायोस उघडताना कूलरचा प्रकार विचारला गेला होता आणि जुळवणाऱ्याने 'वॉटर कूलर' निवडले होते. त्या एका निवडीने हा आकडा भरला गेला. या प्रोसेसरची इंटेलने ठरवलेली कमाल २५३ वॅट आहे. आम्ही ती १८० वर बांधली. पंख्यांचा आवाज उतरला, थ्रॉटलिंगच्या ओळीत 'नो' आले, आणि रेंडरला लागणाऱ्या वेळेत त्याला काम अडेल असा फरक पडला नाही.

इंटेलवर असे करा. आसुसच्या बोर्डवर मल्टिकोअर एन्हान्समेंट बंद करा, एमएसआयवर कूलरच्या पर्यायात साधा किंवा टॉवर एअर कूलर निवडा, आणि इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज असा पर्याय असेल तर तो घ्या. मग पीएल१ आणि पीएल२ या दोन वीजमर्यादांचे आकडे हाताने भरा. आय५-१३६००केची कमाल १८१ वॅट आहे. आपल्या हवेत साध्या टॉवर कूलरसाठी मी १२५ ते १५० ठेवतो. आय७-आय९ ला एअर कूलरवर १८० च्या पुढे नेण्यात मला अर्थ दिसत नाही.

रायझनवर इको मोड शोधा. १७० वॅटचा म्हणून विकला जाणारा रायझन ९ ७९५०एक्स प्रत्यक्षात २३० वॅट घेऊ शकतो. १०५ वॅटच्या इको मोडमध्ये तो १४२ वर येतो, ६५ च्या इको मोडमध्ये ८८ वर. हे आकडे बायोसमध्ये पीपीटी या नावाने दिसतात आणि हातानेही भरता येतात. गेम खेळताना प्रोसेसर इतकी वीज क्वचितच मागतो, त्यामुळे खेळणाऱ्याला फरक सहसा जाणवतच नाही. रेंडर आणि एन्कोडिंगवाल्यांना थोडा जाणवतो.

बायोसमध्ये शिरायची भीतीच वाटत असेल तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल पातळी १०० ऐवजी ९९ टक्के करा. बूस्ट बंद पडतो, तापमान लगेच खाली येते. वेगही बराच जातो, म्हणून हा उपाय तात्पुरता समजा.

चौथी पायरी: व्होल्टेज हळूहळू उतरवा

इथे घाई नको. प्रत्येक चिप वेगळी असते आणि कारखाना सगळ्यांना पुरेल असे चढे व्होल्टेज ठेवतो. आपल्या चिपला त्यातले किती नको आहे, ते शोधायचे.

व्होल्टेज 'फिक्स' करू नका. एक आकडा कायमचा बांधला की निवांत असतानाही चिपवर तेवढेच व्होल्टेज राहते. इंटेलवर अ‍ॅडॅप्टिव्ह किंवा ऑफसेट निवडा, चिन्ह उणे, आणि ५० मिलिव्होल्टपासून सुरुवात करा, म्हणजे चौकटीत ०.०५०. चाचणी घ्या, टिकले तर आणखी १०-१५ मिलिव्होल्ट उतरवा. चिन्ह दोनदा तपासा; उण्याच्या जागी अधिक राहिले तर उलटेच होईल. 'के' नसलेल्या अनेक प्रोसेसरवर ही सोय कुलूपबंद असते. तिथे वीजमर्यादेवरच समाधान मानावे.

लोड-लाइन कॅलिब्रेशन हा पर्याय बरेच जण उगाच वर चढवतात. लोड आला की व्होल्टेज थोडे घसरते, आणि ते घसरणे रचनेचाच भाग आहे. हा पर्याय ती घसरण दाबतो आणि लोडखाली जास्त व्होल्टेज ढकलतो. ओव्हरक्लॉक करत नसाल तर ऑटो किंवा मधली पातळी पुरे. पातळ्यांचे आकडे बोर्डागणिक उलटसुलट आहेत. आसुसवर मोठा आकडा म्हणजे जोरदार, एमएसआयवर १ म्हणजे सर्वांत जोरदार. एका बोर्डचा व्हिडिओ पाहून दुसऱ्या बोर्डवर आकडे भरण्यातला धोका तो हाच.

बदल केल्यावर तापमान छान उतरले पण सिनेबेंचचे गुणही धाडकन पडले, असे झाले तर खूश होऊ नका. इंटेलच्या नव्या पिढ्यांत सीईपी नावाचे संरक्षण आहे. व्होल्टेज फार कमी पडतेय असे दिसले की ते क्लॉक तोच दाखवत प्रत्यक्षातले काम मंदावते. ऑफसेट एक पायरी मागे घ्या.

रायझन ५००० आणि पुढच्यांवर पीबीओच्या (एएमडीच्या बूस्ट सेटिंगच्या) पानात कर्व्ह ऑप्टिमायझर असतो. व्होल्टेज उतरवायची सोय तीच. ऑल कोअर, निगेटिव्ह, १० ने सुरू करा. एक अंक म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. मग १५, मग २०. उणे ३० सगळ्यांच्या चिपला जमते असे मानू नका. आणि इथे एक फसगत आहे: कर्व्ह ऑप्टिमायझर जास्त ओढला तर मशीन जड लोडवर टिकते आणि रात्री निवांत असताना, किंवा साधे ब्राउझर उघडताना, आपोआप रीस्टार्ट होते. कमी लोडवर कोअर सर्वांत वरचा क्लॉक गाठतात आणि तिथेच व्होल्टेज अपुरे पडते. म्हणून एकेक कोअर तपासणारा कोअरसायकलर रात्रभर चालवा. जो कोअर चूक दाखवेल, फक्त त्याचा अंक कमी करा.

चाचणी सिनेबेंचवर थांबवू नका. ओसीसीटी हा ताण देणारा प्रोग्रॅम तासभर, मग नेहमीचे काम आठवडाभर. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'व्हीया लॉगर' या नावाच्या नोंदी शोधा. मशीन बंद न पडताही चुका होत असतील तर त्या तिथे सापडतात. अशी एक जरी नोंद दिसली तरी पायरीभर मागे या. हिवाळ्यात बसवलेली सेटिंग मेच्या दुपारी पुन्हा तपासा, कारण तापलेली चिप त्याच क्लॉकला थोडे जास्त व्होल्टेज मागते.

पाचवी पायरी: आता कूलर, हवा आणि धूळ

डिचोली, साखळी, सांगे या बाजूला आणि जिथे जिथे चिऱ्याचे बांधकाम चालू आहे तिथे लाल धूळ बारीक असते. हीटसिंकच्या पट्ट्यांमध्ये, पंख्याच्या नेमके मागे, ती ओलसर हवेने चिकटून नमद्यासारखी बसते. बाहेरून कॅबिनेट चकाचक दिसते. पंखा काढल्याशिवाय हा थर दिसतच नाही. मशीन बंद करून, वायर काढून, पंख्याचे पाते बोटाने धरून ब्लोअर मारा. पाते मोकळे सोडले तर भरधाव फिरून बेअरिंग खराब होते. ओल्या फडक्याने पुसू नका. समोरची जाळी महिन्याला, आतली सफाई पावसाळ्याआधी आणि चवथीनंतर, एवढे पुरते.

कॅबिनेटची बाजूची काच उघडी ठेवून मशीन चालवणारे बरेच आहेत. तापमान दोन-चार अंश उतरतेही. पण धुळीबरोबर मुंग्या आणि पालीही आत येतात, आणि व्हीआरएमजवळ चिकटलेली पाल बोर्ड कायमचा घालवते. त्यापेक्षा समोरून दोन पंखे आत, मागून एक बाहेर, आणि आत घेणाऱ्यांना जाळी, ही मांडणी चांगली. टेबलाच्या बंद कप्प्यात मशीन असेल तर आधी ते बाहेर काढा. तिथे ते स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढत असते.

कूलर आणि प्रोसेसरमधली थर्मल पेस्ट बदलताना एएम४ च्या रायझनवर सांभाळा. कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. दहा मिनिटे मशीन लोडवर चालवून पेस्ट मऊ होऊ द्या, मग मशीन बंद करून, वायर काढून, कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाटाण्याएवढा ठिपका ठेवा, स्क्रू तिरपे-तिरपे थोडे थोडे आवळा. नव्या कूलरच्या तळाचे प्लॅस्टिक काढले का, तेवढे बघा.

वीजमर्यादा घातल्यावर १५० वॅटपर्यंत चांगला टॉवर एअर कूलर पुरतो आणि आपल्याकडे मी तोच सुचवतो. त्यात बिघडण्यासारखा भाग एकच, पंखा, आणि तो म्हापशात किंवा मडगावात मिळतो. २०० वॅटच्या पुढे सतत काम असेल तरच पाण्याचा कूलर घ्या, आणि पंप रेडिएटरच्या वरच्या टोकापेक्षा खाली राहील असा बसवा, म्हणजे हवेचे बुडबुडे पंपात अडकणार नाहीत. पाण्याच्या कूलरने सॉकेटभोवतीची हवा मात्र थांबते. स्वस्त बोर्डच्या व्हीआरएमवर हीटसिंक नसेल तर प्रोसेसर थंड असूनही वेग पडतो. तिथे एक छोटा पंखा वळवा.

समुद्र, एसी आणि पाऊस

मिरामार, कोलवा, बागा यांच्या जवळ राहणाऱ्यांनी मशीन समुद्राकडच्या खिडकीखाली ठेवू नये. खारट दमट हवेने पंख्यांचे कनेक्टर आणि रॅमचे संपर्क गंजतात.

एसीच्या खोलीतला धोका वेगळा आहे. जून-जुलैत बाहेरच्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. एसीवर खोली २२ अंशांना आणली, मशीन बंद केले आणि लगेच खिडक्या उघडल्या, तर आत येणारी दमट हवा कॅबिनेटच्या थंड पत्र्यावर आणि हीटसिंकवर पाणी सोडते. चालू मशीन स्वतः गरम असते, त्याला हे भय नाही. म्हणून पावसाळ्यात एसी २६ वर ठेवा, आणि एसी बंद केल्यावर खिडक्या उघडायच्याच असतील तर मशीन त्या वेळी चालू असू द्या. मशीन थंड अवस्थेत बंद असताना खिडक्या उघड्या राहिल्या असतील तर आतला पत्रा खोलीच्या तापमानाला येऊन कोरडा होईपर्यंत, तास-दीड तास, सुरू करू नका. चवथीला गावी जाऊन घर आठ-दहा दिवस बंद राहिले असेल तर परतल्यावर आधी पंखा लावून खोली कोरडी करा, मग मशीनची वायर जोडा.